पुरुष वंध्यत्वातील संप्रेरक चिकित्सा : विवेक आणि मर्यादा

अपत्यप्राप्तीसाठी येणाऱ्या दांपत्यात पुरुषाची तपासणी आता बहुधा होते. तथापि शुक्राणूंची संख्या अल्प दिसताच ‘पुरुषी हॉर्मोन’ म्हणून टेस्टोस्टेरॉन देण्याचा प्रकार आढळतो. हा उपाय वंध्यत्व दूर करीत नाही, उलट वाढवितो. म्हणून या विषयाचा परामर्श येथे घेत आहोत.

क्रियाविचार

पीयूषिका ग्रंथीतून एलएच व एफएसएच ही दोन संप्रेरके स्रवतात. एलएचमुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन निर्माण होते, तर एफएसएच शुक्राणूंच्या निर्मितीस पोषक ठरते. वृषणातील टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या अनेक पट असते व शुक्राणुनिर्मिती त्यावरच अवलंबून असते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिल्यास पीयूषिकेचे स्राव मंदावतात आणि वृषणातील प्रमाण घटते. रुग्णास उत्साह वाटतो, परंतु शुक्राणू कमी होत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर आठवड्यास २०० मि.ग्रॅ. टेस्टोस्टेरॉन एनान्थेटचे इंजेक्शन गर्भनिरोधक म्हणूनच योजले होते, यावरून काय ते समजावे. औषध थांबविल्यावर शुक्राणू बहुधा परत येतात, पण त्यास कित्येक महिने लागतात.

निदान

प्रथम वीर्यपरीक्षण किमान दोनदा करावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार शुक्राणुसंख्येची निम्न मर्यादा प्रति मि.लि. १ कोटी ६० लक्ष आहे. संख्या अल्प असल्यास सकाळच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन, एफएसएच, एलएच व आवश्यकतेनुसार प्रोलॅक्टिन पाहावे. अहवालाचा अर्थ असा :

१) तिन्ही संप्रेरके अल्प : दोष पीयूषिकेत वा हायपोथॅलॅमसमध्ये आहे. संप्रेरक चिकित्सेचे खरे यश येथेच मिळते. एचसीजी १५०० ते २००० युनिट आठवड्यातून दोन-तीन वेळा आणि काही महिन्यांनी त्याच्या जोडीस एफएसएच, अशी सामान्य योजना असते. शुक्राणू दिसण्यास सहा महिने ते दोन वर्षे लागू शकतात; संख्या अल्प असतानाही गर्भधारणा होऊ शकते.

२) प्रोलॅक्टिन अधिक : पीयूषिकेतील अर्बुदाची शंका घ्यावी व एमआरआय करवावा. कॅबरगोलिनने बहुसंख्य रुग्णांत प्रमाण उतरते.

३) एफएसएच अधिक, वृषण लहान : बीजोत्पत्तीचे स्थानच क्षीण आहे. उत्तेजक संप्रेरकांचा लाभ अल्प. गुणसूत्रांची तपासणी करावी. क्लाइनफेल्टर विकृतीत ती ४७, एक्सएक्सवाय आढळतात.

४) संप्रेरके व वृषणांचा आकार प्राकृत, परंतु वीर्यात शुक्राणू नाहीत : मार्गावरोधाचा विचार करावा. येथे शल्यतज्ज्ञाचे काम आहे, संप्रेरकांचे नाही.

५) संप्रेरके प्राकृत, संख्या अल्प : क्लोमिफेन किंवा एफएसएच दिले जाते, परंतु परिणामाची निश्चिती नाही. पुरुषांतील क्लोमिफेनचा वापर अधिकृत मान्यतेबाहेरचा आहे, हे रुग्णास सांगणे उचित.

आयुर्वेदीय भूमिका

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात अष्टविध शुक्रदुष्टी वर्णिली असून त्यांतील क्षीणशुक्राचा विचार अल्पसंख्येशी जुळतो. मात्र वरील तिसऱ्या व चौथ्या प्रकारात केवळ वाजीकरण योगांवर रुग्णास वर्षानुवर्षे ठेवणे न्याय्य नाही. शुक्राणू तयार होऊन बाहेर येण्यास सुमारे तीन महिने लागतात. म्हणून अश्वगंधा, कपिकच्छू आदी योजल्यास तीन महिन्यांनी वीर्यपरीक्षण पुन्हा करावे व सुधारणा नसल्यास मार्ग बदलावा. पत्नीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिन्यांच्या प्रयत्नांनंतर दोघांचीही तपासणी करून घ्यावी. गेलेला काळ औषधाने परत मिळत नाही.

औषध विक्रेत्यांसाठी

टेस्टोस्टेरॉन व ॲनाबोलिक स्टिरॉइड ही अनुसूची ‘एच’ मधील औषधे असून चिठ्ठीविना देऊ नयेत. व्यायामशाळेत जाणारे तरुण ती मागतात. त्यांना होणाऱ्या वंध्यत्वाची स्पष्ट कल्पना द्यावी. निर्मात्याचे नाव व परवाना क्रमांक नसलेली ‘शक्तिवर्धक’ चूर्णे दुकानात ठेवू नयेत.

सारांश

प्रत्येक रुग्णाला प्रथम एकच प्रश्न विचारावा : यापूर्वी कोणती इंजेक्शने, जेल वा गोळ्या घेतल्या? अनेकदा वंध्यत्वाचे कारण त्या उत्तरातच सापडते. आणि अपत्य हवे असेपर्यंत टेस्टोस्टेरॉन वर्ज्य, हा नियम आपण सर्वांनी पाळावा.