उलाळ नको, धुरजडही नको

बैलगाडीत धान्याची पोती भरताना तुम्ही कधी पाहिले आहे काय? पोती चढवून झाली की जाणता गाडीवान लगेच बैल जुंपत नाही. तो पुढे जाऊन धूर हाताने किंचित उचलून पाहतो आणि म्हणतो, "उलाळ झालीय, एक पोतं पुढं घ्या." भार आसाच्या मागे अधिक झाला की गाडी उलाळ होते. मग जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याखालचे पट्टे काचू लागतात. भार पुढे अधिक झाला की गाडी धुरजड होते आणि बैलांची मान दबते. चांगली भरलेली गाडी किंचितच धुरजड असते. गाडीवानाचा हा अंदाज म्हणजे शुद्ध पदार्थविज्ञान आहे. मोटारीमागे ओढायच्या फिरत्या घरालाही तोच नियम लागू पडतो. मात्र तेथे चूक झाली तर पट्टा काचण्यावर भागत नाही, गाडीतील माणसांच्या जिवावर बेतते.

मोटारीमागचे घर

१९३१ साली जर्मनीत आरिस्ट डेथलेफ्स या कारखानदाराने असे एक लहान घर बांधले. त्याच्या कारखान्यात चाबूक आणि स्कीच्या काठ्या तयार होत. त्या विकण्यासाठी त्याला बरेच दिवस घराबाहेर राहावे लागे. त्याची सहचरी फ्रिडेल ही चित्रकार होती. दोघांना बरोबर प्रवास करता यावा आणि तिला वाटेत चित्रेही काढता यावीत, म्हणून त्याने ही 'राहण्याची गाडी' तयार केली.

त्याच दशकात अमेरिकेत एक वेगळा, फार हलका प्रकार लोकप्रिय झाला. पुढून गोल आणि मागे निमुळता होत जाणारा हा ट्रेलर बाजूने पाण्याच्या थेंबासारखा दिसतो. हौशी लोक तो घरीच बांधत. त्याची नेहमीची मापे ४ फूट रुंदी आणि ८ फूट लांबी अशी असतात, कारण प्लायवुडचा अखंड तक्ता त्याच मापाचा मिळतो. आत झोपण्यापुरती जागा असते. स्वयंपाकाचा ओटा मागच्या बाजूला, वर उघडणाऱ्या झाकणाखाली असतो आणि स्वयंपाक बाहेर उभे राहूनच करायचा असतो. आई, वडील आणि एक लहान मूल अशा कुटुंबासाठी ट्रेलर निवडताना किंवा बांधताना काय पाहावे, हे याच नमुन्यावरून समजून घेऊ या.

हलकेपणा कसा साधतात?

प्लायवुडची घनता सुमारे ६०० किग्रॅ. प्रति घनमीटर धरू. तक्त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ ३ चौ. मीटर आहे. म्हणून ६ मिमी. जाडीचा तक्ता सुमारे ११ किग्रॅ., १२ मिमी.चा सुमारे २१ किग्रॅ. आणि १८ मिमी.चा सुमारे ३२ किग्रॅ. भरतो. मजबुतीसाठी सगळीकडे जाड फळ्या ठोकल्या तर ट्रेलर पाहता पाहता जड होतो.

यावर एक सुंदर युक्ती आहे. ३ मिमी.चे दोन पातळ तक्ते घ्या आणि त्यांच्यामध्ये २४ मिमी. जाडीचा पॉलिस्टायरीनचा फेस चिकटवा. लाकूड एकूण ६ मिमी.च राहिले, फेसामुळे वजन किंचित वाढले. पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनावर अवलंबून असतो. सलग ६ मिमी.च्या तक्त्यासाठी ६ चा घन २१६ येतो. या थरांच्या भिंतीसाठी ३० च्या घनातून २४ चा घन वजा करायचा: २७,००० − १३,८२४ = १३,१७६. म्हणजे ताठपणा सुमारे ६१ पट झाला! फेस स्वतः थोडा दबतो व सरकतो, म्हणून प्रत्यक्षात एवढा लाभ मिळत नाही. तरीही तो भरपूर असतो. शिवाय अशी भिंत थंडी आणि ऊन दोन्ही अडवते.

वजन किती, यापेक्षा ते कोठे?

आता मुख्य मुद्दा. समजा, सामानासह ट्रेलरचे वजन ५०० किग्रॅ. आहे: सांगाडा, आस व चाके १८०, भिंती, तळ व छप्पर १६०, गादी, दारे व खिडक्या ६०, पाणी, शेगडी, अन्न व कपडे १००. आसापासून मोटारीच्या जोडापर्यंतचे अंतर २.५ मीटर धरू. गुरुत्वमध्य आसाच्या पुढे ०.२५ मीटरवर असेल, तर परिबलाच्या नियमानुसार दांडीचा जोडावर पडणारा भार असा येईल (सोयीसाठी बल किलोग्रॅम-भारात मोजू):

५०० × ०.२५ ÷ २.५ = ५० किग्रॅ.

म्हणजे एकूण वजनाच्या १० टक्के. अमेरिकेत अशा ट्रेलरसाठी १० ते १५ टक्के दांडीभार योग्य मानतात. ब्रिटनमध्ये ५ ते ७ टक्क्यांची शिफारस असते. मात्र मोटारीच्या आणि जोडाच्या निर्मात्याने घालून दिलेली मर्यादा कोठेही ओलांडायची नसते.

आता पाण्याचे डबे आणि शिध्याची पेटी मिळून ४० किग्रॅ. सामान आसाच्या पुढे १ मीटरवर आहे असे समजा. स्वयंपाकाचा ओटा मागे आहे, म्हणून कोणीतरी सोयीसाठी ते आसाच्या मागे १.२ मीटरवर ठेवले. सामान २.२ मीटर सरकले. दांडीभारात होणारी घट:

४० × २.२ ÷ २.५ = ३५.२ किग्रॅ.

उरला जेमतेम १५ किग्रॅ. दांडीभार, म्हणजे ३ टक्के! एकूण वजनात एका ग्रॅमचाही फरक नाही. वजनकाट्यावर ट्रेलर पूर्वीइतकाच भरेल. पण रस्त्यावर तो वेगळाच ट्रेलर झालेला असेल.

ट्रेलर झोके का खातो?

बाणाला पिसे मागे का लावतात? त्याचा गुरुत्वमध्य पुढे, टोकाकडे असतो आणि मागची पिसे त्याला सरळ ठेवतात. ट्रेलरमध्ये पिसांचे काम टायर करतात. गुरुत्वमध्य आसाच्या पुढे असला की वाऱ्याच्या झोताने किंवा खड्ड्याने ट्रेलर बाजूला सरकला, तरी टायर त्याला पुन्हा मार्गावर आणतात.

गुरुत्वमध्य मागे गेला की चित्र पालटते. ट्रेलर आडव्या धरलेल्या सी-सॉसारखा वागू लागतो. टायर हा त्याचा टेकू होतो. मागचे जड टोक डावीकडे गेले की दांडी मोटारीची शेपटी उजवीकडे ढकलते. मोटारीचे तोंड वळते आणि ती पुढचा झोका अधिक मोठा करते. त्यातच वेग वाढला की झोके शमवण्याची टायरांची ताकद कमी पडत जाते. एका ठरावीक वेगापलीकडे झोके विरण्याऐवजी वाढतच जातात. म्हणून गावातल्या गावात निमूट चालणारा ट्रेलर महामार्गावर अचानक बेफाम होऊ शकतो.

असे घडले तर चालकाने जोराने ब्रेक दाबू नये आणि झोक्यांच्या उलट चाक फिरवण्याचा प्रयत्नही करू नये. पाय वेगवर्धकावरून हळूच काढून वेग आपोआप कमी होऊ द्यावा.

मग दांडीभार भरपूरच ठेवला तर? तेही नको. समजा, मोटारीच्या पुढच्या व मागच्या आसांत २.५ मीटर अंतर आहे आणि जोड मागच्या आसाच्या १ मीटर मागे आहे. जोडावर १०० किग्रॅ. भार पडला, तर पुढच्या चाकांवरचा ४० किग्रॅ. भार उचलला जाईल. दिशा देणारी चाके तीच, आणि त्यांचीच पकड सैल होईल!

आणखी एक गोष्ट. २०–२० किग्रॅ.चे दोन डबे आसाच्या पुढे-मागे ०.३ मीटरवर ठेवा किंवा १.५ मीटरवर ठेवा. दांडीभार तोच राहील. पण अंतर ५ पट झाले की त्या डब्यांचे जडत्व-परिबल २५ पट होते आणि सुरू झालेला झोका थांबवणे तेवढेच अवघड होते. म्हणून जड सामान तळाशी आणि आसाजवळ, किंचित पुढे ठेवावे.

वेग, हवा आणि झोप

आपल्या ५०० किग्रॅ.च्या ट्रेलरची गतिज ऊर्जा ताशी ८० किमी. वेगाला सुमारे १२३ किलोज्यूल असते. ताशी १०० किमी.ला ती सुमारे १९३ किलोज्यूल होते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर ही सारी ऊर्जा मोटारीच्या ब्रेकांनाच शोषावी लागते. म्हणूनच ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे वजन ७५० किग्रॅ. किंवा मोटारीच्या वजनाच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक चालत नाही.

झोपण्याची जागा जेमतेम २.५ घनमीटर असते. तिघांच्या उच्छ्वासातून तासाला सुमारे ३० लिटर कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. पेटी हवाबंद असेल तर दर तासाला त्याचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक वाढेल. म्हणून एक झरोका खाली आणि एक वर, दोन्ही कायम उघडे हवेत. आत शेगडी तर कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास.

करून पहा

बुटांच्या खोक्याच्या तळाशी मध्यभागी विणकामाची सुई आडवी बसवून तिला खेळण्यातील दोन चाके लावा. पुढे बांबूची कामटी दांडी म्हणून चिकटवा आणि तिचे टोक प्रयोगशाळेतील तराजूवर टेकवा. खोक्यात वॉशर ठेवून ते मागे मागे सरकवा. आसापासूनचे अंतर आणि तराजूवरील भार यांचा आलेख काढा. तो सरळ रेषा येतो काय, आणि भार कोठे शून्य होतो, हे पाहा. शिक्षकांच्या मदतीने हाच ट्रेलर खेळण्यातील मोटारीला सैल जोडून, मोटार पुढून दोऱ्याने बांधून, व्यायामाच्या फिरत्या पट्ट्यावर ठेवता येईल. वॉशर पुढे असताना आणि मागे असताना पेन्सिलीने हलकेच टिचकी द्या आणि फरक पाहा.

शेवटी एक उदाहरण. वर सांगितलेल्या ट्रेलरमध्ये आसाच्या मागे १.२ मीटरवर २० लिटर पाण्याचा डबा भरून ठेवला आहे. प्रवासात तो पूर्ण रिकामा झाला. दांडीभार वाढेल की कमी होईल, आणि कितीने? आधी स्वतः सोडवा, मग उत्तर पाहा.

(उत्तर : ९.६ किग्रॅ.ने वाढेल.)