पहिल्या उपदेशाआधी

चि. बाळ,


तुझ्या पहिल्या उपदेशाचा मसुदा मिळाला. निकदेमाचा उतारा निवडलास म्हणजे धाडसच केलंस; योहानाचा तिसरा अध्याय मुरलेल्या पाळकांनाही पुरून उरतो. भाषा छान आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. मांडणीबद्दल मात्र आहे.

"तुमचा नवा जन्म झाला आहे का?" हा प्रश्न तू इतक्या वेळा विचारतेस, की ऐकणारा बिचारा स्वतःच्या आत डोकावून डोकावून दमेल. ख्रिस्ताचा वधस्तंभ येतो तो शेवटच्या परिच्छेदात, प्रार्थनेला उभं राहता राहता. हे उलटं झालं, बाळ. शुभवर्तमान ही ख्रिस्ताचं काय झालं याची बातमी आहे: तो आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. पौल करिंथकरांना हाच गाभा पुन्हा सांगतो तेव्हा स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी घेतो, तेही अकाली जन्मलेला म्हणून! आपल्या आत काय घडलं याचं वर्णन तिथे नाही. नवा जन्म त्या बातमीच्या द्वारे पवित्र आत्मा घडवतो. तो तुझ्या हातात नाही. बातमी सांगणं तेवढं आहे.

निकदेमाकडेच बघ. तू आठव्या वचनाला, वाऱ्याच्या दाखल्यापाशी थांबलीस. बहुतेक जण तिथेच थांबतात. पण निकदेम त्यानंतर विचारतो, हे व्हायचं तरी कसं? आणि प्रभू त्याला जन्माची कृती सांगत नाही. गणनेच्या पुस्तकातल्या अरण्यात नेतो. साप चावून माणसं मरताहेत, मोशेने पितळेचा साप खांबावर टांगलाय, आणि जो त्याच्याकडे बघेल तो वाचतोय. तसंच मनुष्याच्या पुत्राला उंच केलं जाणार आहे, म्हणतो. दंश झालेल्याने आपली जखम तपासत बसायचं नव्हतं, खांबाकडे बघायचं होतं. नव्या जन्माच्या प्रश्नाचं उत्तर प्रभूने वधस्तंभाने दिलं. तुझा उपदेश पंधराव्या वचनापर्यंत गेलाच पाहिजे.

आणि निकदेम? त्या रात्री तो पुढे काहीच बोलत नाही. सातव्या अध्यायात न्यायसभेतल्या लोकांपुढे येशूची थोडी बाजू घेतो. मग थेट एकोणिसाव्यात, अरिमथाईकर योसेफाबरोबर गंधरस आणि अगरू घेऊन प्रभूला पुरायला उघडपणे येतो. त्याचा नवा जन्म नेमका कधी झाला, हे योहान सांगत नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं घे, पण केडगावच्या 1905 च्या संजीवनापासून सुरुवात करू नकोस. सगळे तिथूनच सुरू करतात. त्याआधीची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात, वाँटेजला झाला. धर्मशास्त्रावर तिथल्या विद्वानांशी त्यांनी कडकडून वाद घातले, मायदेशी परतून 1889 मध्ये शारदा सदन काढलं. आणि 1907 च्या आपल्या साक्षीत त्या सरळ लिहितात, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. या काळात विल्यम हॅस्लम यांचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हे हॅस्लम कॉर्नवॉलचे अँग्लिकन पाळक. 1851 मध्ये स्वतःच्याच उपदेशपीठावर उपदेश करता करता त्यांचा पालट झाला, आणि सभेतला एक जण ओरडून उठला की पाळकसाहेबांचं परिवर्तन झालं! (तुझ्या बाबतीत असं झालं तर मला आनंदच होईल.)

रमाबाईंना गवसलं ते काय? जात, स्त्री-पुरुष भेद, स्वतःची कृत्यं, यांपैकी कशावरही तारण अवलंबून नाही. जो पुत्रावर विश्वास ठेवतो त्याला देव ते फुकट देतो. म्हणजे त्यांच्या पालटाच्या मुळाशीही तीच बातमी. पुढे केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींमध्ये संजीवनाचं ते सगळं रडणं, जळणं, रात्ररात्र प्रार्थना झाल्यावरही या बाई काय करत बसल्या? हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत अख्खं पवित्र शास्त्र उतरवत. 1922 मध्ये देवाघरी जाण्याआधी ते काम त्यांनी संपवलं. पेत्राच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय त्यांना नीट कळला होता असं मी म्हणेन: तिथे देवाच्या वचनाला अविनाशी बीज म्हटलंय, आणि हे वचन म्हणजे तुम्हाला सांगितलेलं शुभवर्तमानच, असं पेत्र पुढे सांगतो.

आधी नवा जन्म की आधी विश्वास, हा तुझा तळटिपेतला प्रश्न डॉर्टच्या सभेपासून, म्हणजे 1618 पासून पेटलेला आहे. मी आत्म्याच्या कामाला आधी धरतो. लुदियाचं हृदय प्रभूने उघडलं म्हणून तिने पौलाच्या बोलण्याकडे लक्ष दिलं. पण पौल बोलत होता, हेही विसरू नकोस. परीक्षेत यावर हवं तेवढं लिही, उपदेशातून काढून टाक. बाप्तिस्मा आणि नवा जन्म एकच का, हा वादही तिथे नको. आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात 1970 पासून बालबाप्तिस्मा मानणारे आणि न मानणारे एका मंडळीत बसतात, आणि तुझ्यासमोर दोघेही असतील.

एक वाक्य मात्र खोडच: "ज्याला आपल्या नव्या जन्माचा दिवस सांगता येत नाही, त्याने विचार करावा." तुझ्या आजीला तो सांगता येत नाही. आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांची जन्मतारीख एक जून आहे, शाळेच्या मास्तरांनी घातलेली. म्हणून ती माणसं जन्मलीच नाहीत की काय? वेस्लीला 24 मे 1738 ही तारीख सांगता आली, चांगलंच झालं. पण त्या संध्याकाळी लंडनमधल्या सभेत वाचलं जात होतं ते रोमकरांच्या पत्रावरचं लूथरचं प्रास्ताविक, आणि वेस्लीचं हृदय ते ऐकताना उबदार झालं.

उपासनेनंतर कोणी तरी नक्की येऊन विचारेल, "ताई, माझा झालाय की नाही कसं ओळखू?" गोंधळू नकोस. येशूबद्दल तुम्हाला काय वाटतं, एवढंच विचार, आणि उत्तर पूर्ण ऐकून घे. घाईघाईने प्रार्थना म्हणवून घेऊन त्यांचं नाव वहीत लिहू नकोस.

तुझा,
मामा