ऊस किती, हरभरा किती? आलेखावर बघू

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, बारावीचं लिनिअर प्रोग्रॅमिंग मुलांना अडतं ते आलेखात नाही, शब्दांत. मी प्राथमिकची शिक्षिका, पण 'जास्तीत जास्त' या शब्दाची गडबड आमच्याच वर्गापासून सुरू होते.

आपल्या फलटणचंच उदाहरण घ्या. नीरा उजव्या कालव्याखालचं ५ एकर रान. ऊस क्ष एकर, हरभरा य एकर. समजा एकरी उसाला ३ भाग पाणी लागतं, हरभऱ्याला १, आणि मिळणार ९ भाग. एकरी नफा ५० हजार आणि २० हजार धरू. (आकडे सोयीचे घेतलेत हं!)

मुलं पटकन लिहितात, क्ष + य = ५. इथेच थांबवा. सगळं रान पेरलंच पाहिजे असं कुठे म्हटलंय? म्हणून क्ष + य ≤ ५, ३क्ष + य ≤ ९, आणि क्ष, य शून्यापेक्षा कमी नाहीत.

दोन्ही रेषा काढा. (०,०) दोन्ही अटींत बसतो, म्हणून त्याच्या बाजूचा भाग रंगवा. कोपरे चार: (०,०), (३,०), (२,३), (०,५). नफ्याची रेषा सरकवत नेली की शेवटी कोपऱ्यालाच टेकते, त्यामुळे तेवढेच तपासायचे. नफा अनुक्रमे ०, १५०, १६०, १०० हजार. उत्तर: ऊस २, हरभरा ३ एकर.

आता उसाचा नफा ७० हजार करून बघा. (२,३) ला २०० हजार, (३,०) ला २१०. म्हणजे २ एकर पडीक ठेवून नफा जास्त! '=' लिहिणाऱ्या मुलाला हा कोपरा सापडतच नाही.