तार पाण्यात टाकू नको

पवनार,
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

चि. मंगेश यास मामाचे अनेक आशीर्वाद.

परवापासून तुला फोन लावतो आहे, तू उचलत नाहीस. बोलायचं ते फोनवर बोलण्यासारखंही नव्हतं, म्हणून लिहितो. हे पत्र आधी एकट्यानं वाच. आईला दाखवायचं की नाही ते मग ठरव. तिच्या बीपीचं तुला ठाऊकच आहे.

हिंगणघाटच्या बाजारात अल्लीपूरकडचा एक ओळखीचा माणूस भेटला. त्याचं नाव सांगत नाही, तू त्याच्या दारात जाऊन भांडशील. तो म्हणाला, तुमचा भाचा आणि त्याचे दोस्त यशोदेच्या डोहात करंट सोडून मासे मारतात. वावरातल्या लाइनवर आकडा टाकतात आणि त्याचा लहाना भाऊ नीलेश काठावर टॉर्च धरून उभा असतो. मी त्याला म्हणालो, आमच्या घरचं पोरगं असं करणार नाही. म्हणालो खरं, पण बसमध्ये बसल्यावर माझे हातपाय गार पडले. हे खोटं असेल तर एका ओळीत कळव आणि पत्र फाडून टाक. खरं असेल तर पुढचं नीट वाच.

माझी सगळी नोकरी लाइनवर गेली. तुला आयटीआयला वायरमनच्या ट्रेडला घातलं तेही मीच. तेव्हा तू काय म्हणशील ते मला आधीच ठाऊक आहे. मामा, बांबू कोरडा असतो. मामा, पायात गमबूट असतात. मामा, आम्ही आधी तार टाकतो, मासे वर आले की तार काढतो आणि मगच पाण्यात उतरतो. बाबा रे, हे बोलणारी पोरं मी पाहिली आहेत. बांबू नदीकाठी किती वेळ कोरडा राहतो? गमबुटात एकदा पाणी शिरलं की त्या बुटाचा काय उपयोग? तार काढली असं तुला वाटतं तेव्हा अंधारात ती कुठल्या मुळीला अडकून पाण्यातच राहिली आहे, हे तुला कोण सांगणार?

शेतीच्या लाइनचं तुला वेगळं सांगायला हवं का? तिची पाळी बदलते, कधी दिवसा असते, कधी रात्री. मधेच फीडर ट्रिप होतो आणि कुणी सब-स्टेशनातून परत चढवतो. मोटर बंद पडली, लाइन गेली असं समजून पोट्टे पाण्यात उतरतात आणि मिनिटाभरात लाइन येते. फ्यूज उडेल या भरवशावर राहू नको. 100 वॅटचा जुना बल्ब जेवढा करंट घेतो त्याच्या चौथ्या हिश्श्यात माणसाचं काळीज थांबतं. डीपीच्या फ्यूजला एवढा करंट कळतसुद्धा नाही. शहरातल्या घरात 30 मिलीअँपिअरवर तुटणारा ब्रेकर असतो, वावरात काय आहे? नदीचं पाणी तांब्याच्या तारेइतकं चांगलं वाहक नाही, हे तू शिकला असशील. म्हणून लोकांना वाटतं, लांब उभं राहिलं की झालं. तसं नाही. तारेपासून दूर दूर जाताना पाण्यात व्होल्टेज पायरीपायरीनं उतरत जातं, आणि तुझे दोन पाय दोन पायऱ्यांवर असतात. स्नायू असे आखडतात की ओरडताही येत नाही. गुडघाभर पाण्यात माणूस तोंडावर पडतो आणि काठावरच्यांना वाटतं, घसरला.

म्हणून मला सगळ्यात जास्त भीती नीलेशची आहे. तू पडलास तर तो टॉर्च टाकून तुझ्याकडे धावेल. धावल्याशिवाय राहणारच नाही, तुझ्यामागं फिरणारं पोर आहे ते. आमच्या नोकरीत एकदा पहाटे एका नाल्यावरून बोलावणं आलं होतं, लाइन बंद करा म्हणून. गावाचं नाव लिहीत नाही. मी डीपी बंद करून नाल्यापाशी गेलो. एक पोरगं करंटनं गेलं होतं, आणि त्याला ओढायला उतरलेला त्याचा चुलतभाऊ त्याच्या अंगावरच पडलेला. गंजात ठेवलेले मासे अजून तोंड उघडत होते. त्यांच्या आया येण्याआधी वरचा आकडा मी काढला. ती तार गुंडाळून हातात घेताना मला काय वाटलं ते मी तुझ्या मामीलासुद्धा आजवर सांगितलेलं नाही. तुला सांगतो आहे, कारण तुझ्या घरी दोन पोरं आहेत आणि आई एकटी आहे. भाऊजी गेल्यावर तिनं कापूस वेचून, लोकांच्या वावरात निंदण करून तुम्हाला कसं वाढवलं, ते मी पुन्हा लिहायला नको.

कायद्याचंही सांगून ठेवतो, पण मला पोलिसांची भीती घालायची नाही. लाइनवर आकडा टाकणं ही 2003 च्या वीज कायद्यानं चोरी आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होते. पाण्यात सुरुंग फोडून किंवा विष कालवून मासे मारायला तर 1897 सालापासून बंदी आहे, इंग्रजांच्या काळापासून. तुमच्याकडचे काही लोक कपाशीवरच्या फवारणीचं औषध डोहात ओततात असंही ऐकतो. ते मासे माणसं खातात रे.

आता माशाचं बोलतो, कारण तू भोयाचा नातू आहेस आणि तुला मासे आवडतात हे काही वाईट नाही. तुझ्या आजोबांना करंटचे मासे कुणी आणून दिले असते तर ते त्यांनी घरात घेतले नसते. पावसाळ्यात डोहाच्या कडेला, गवताजवळ, पाण्यावर वीतभर लाल-नारंगी डाग सरकताना तू कधी पाहिला आहेस? वाऱ्यानं नाही, आपोआप सरकतो. ती मरळीची पिल्लं असतात, शेकडो, एकमेकांना धरून. मरळीला पाण्यातल्या हवेवर भागत नाही, वर येऊन श्वास घ्यावा लागतो, म्हणून तो सगळा डाग उकळी आल्यासारखा मधेमधे खदखदतो. आणि त्याच्या बरोबर खाली, काळ्या पाण्यात, मायबाप मरळ उभी असते. बेडूक जवळ आला तरी अंगावर जाते. बाबा मला बोट दाखवून थांबवत. तो डाग दिसला की गळ गुंडाळायचे आणि पुढच्या डोहाकडे चालायला लागायचे. मायबाप धरले तर ही पिल्लं संध्याकाळपर्यंत दुसऱ्या माशांच्या पोटात जातात, आणि पुढच्या वर्षी डोहात मरळ कुठून येणार?

करंट बोट दाखवून थांबवता येत नाही. लांब माशाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत अंतर जास्त, म्हणून त्याला झटकाही जास्त बसतो. अंडी पोटात असलेली मोठी मादी आधी जाते. कित्येकांचा कणा मोडतो. जे वर येतात ते तुम्ही उचलता, जे तळाशी बसतात ते तिथंच कुजतात. झिंगे, वाम, शिंगाडा, अंडी, सगळं एका बटणात. यशोदा काही गोदावरी नाही. माघ-फाल्गुनात तिचे डोहच तेवढे उरतात आणि सगळी मासळी त्या डोहांतच वैशाखापर्यंत जीव धरून असते. एक डोह मारला की अर्धा कोस नदी मेली असं समज. चढणीचे मासे पुढच्या पावसात वर्धा नदीतून वर येतील म्हणशील, पण खालीही असेच पोट्टे बसले असतील तर?

मागच्या वर्षी तू मला मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले होतेस. क्रॅपी नावाचा तो चपटा, चांदीवर काळे ठिपके असलेला मासा. आपल्या धामेसारखी उथळ नदी, पडलेलं झाड, आणि लांब काठीला बारीक गळ लावून तो माणूस फांद्यांच्या सावलीत अलगद सोडत होता. तो मासा आपल्याकडे नाही, पण रीत आपलीच आहे. तिथंही नर उथळ पाण्यात खळगा करून अंडी राखतो. आणि तू नीट पाहिलं असशील तर तो माणूस मासा पट्टीवर मोजून पाहत होता. तिथं बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या लांबीपेक्षा लहान क्रॅपी घरी नेता येत नाही, आणि दिवसाला किती न्यायचे तेही ठरलेलं असतं. बाबांकडं पट्टी नव्हती. त्यांचं जाळं चार बोटांचं होतं. बारकं जाळ्यातून निघून जायचं, ते म्हणायचे, ते पुढच्या वर्षीचं आहे.

ते जाळं विणायला मी शिकलो नाही, मंगेश. 1982 च्या दिवाळीत विनोबा गेले, सारं पवनार आश्रमाकडे लोटलं होतं, त्याच वर्षी मला नोकरी लागली. पगार हातात आला आणि मला नदीची लाज वाटायला लागली. बाबा ओसरीवर बसून बांबूच्या सुईनं गाठ मारायचे, ती फळीवर ओढून घ्यायचे, पुन्हा गाठ. मला म्हणायचे, बस जरा. मी डबा घेऊन निघून जायचो. वाटायचं, हे काय पळून जातं? सुट्टी मिळाली की बसू. ते गेले तेव्हा एक जाळं अर्धं विणलेलं राहिलं होतं, आणि घरात त्याची पुढची ओळ घालणारा कुणी नव्हता. आता पेन्शन आहे, वेळ आहे, बोटंही अजून चालतात. दाखवायला माणूस नाही.

तू मात्र गळाला चांगला आहेस. मला आठवतं, तू लहान असताना आपण दोघं आश्रमाच्या बरंच खाली, धामेच्या काठी बसलो होतो. तू सावली पाण्यावर पडू नये म्हणून आपलाआपण मागं सरकलास. तुला कुणी सांगितलं नव्हतं. मी तेव्हा घरी येऊन तुझ्या मामीला म्हणालो होतो, बाबांचा हात याच्याकडे गेला. असा हात असलेल्या पोरानं तार कशाला धरावी? आता आश्विन अर्धा सरला, पाणी निवळलं आहे. करंजाच्या मुळ्यांशी, वाळूचा बांध संपतो तिथं, संथ पाण्यात बस. तरंगायला मोरपिसाचा दांडा लाव. एखादे दिवशी काही मिळणार नाही, न मिळो.

मी जास्त बोललो असेन. तुला पैशाची अडचण आहे हे मला कळत नाही असं नाही. सोयाबीन हातचं गेलं, आयटीआयची फी आहे, आणि तुझ्या वयाच्या पोराला खिशात चार पैसे लागतातच. दोस्तांनी मासे विकून वाटा दिला असेल, तू नाही म्हणू शकला नसशील. मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा मलाही दोस्तांना नाही म्हणता येत नव्हतं. फीचं मी पाहतो. आईला सांगू नको, ती नको म्हणेल. बाकी लागेल ते मोकळेपणानं माग. मामाकडे मागायचं नाही तर कुणाकडे?

अजून एक, आणि हे मी हात जोडून सांगतो. ती तार अजून तिथं लाइनवर किंवा झुडपात कुठं अडकलेली असेल तर ती काढायला तू जाऊ नको. दोस्तांनाही जाऊ देऊ नको. मला सांग. मी तिथल्या लाइनमनला घेऊन येईन, लाइन बंद करून काढू. तुझं नाव कुठं येणार नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी सांग.

भाऊबीजेला आईला मी आणायला येतो आहेच, तुम्ही दोघं बरोबर या आणि आठ दिवस राहा. बाबांचं ते अर्धं जाळं मी माळ्यावरून खाली काढलं आहे. उंदरांनी एक कोपरा खाल्ला आहे, बाकी धागा मजबूत आहे. सुई आणि फळीही सापडली. दोघं मिळून बसलो तर गाठ कशी पडते ते त्या विणलेल्या भागावरूनच उलगडेल असं वाटतं. तुझे डोळे तेज आहेत. मामी ज्वारीच्या भाकरी आणि मरळीचा रस्सा करणार म्हणते आहे, मरळ मी गावातल्या भोयांकडून घेईन.

आईला नमस्कार, नीलेशला गोड पापा.

तुझा मामा

ता. क. नीलेशच्या शर्टाचं माप कळव. मागच्या दिवाळीचा त्याला आता आखूड होत असेल. तुझं माप मामीकडे आहे.