पुरातही रुग्णालय चालू राहिलं पाहिजे

पुरात रुग्णालयाची इमारत नुसती उभी राहून भागत नाही. आत वीज, ऑक्सिजन आणि पाणीही चालू राहावं लागतं. नर्सची नोकरी करताना हे मी भिवंडीत अनुभवलं.

२६ जुलै २००५ ला कामवारी नदीचं पाणी शहरात घुसलं, तेव्हा मी एका खासगी नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला होते. इमारत भक्कम होती. पण जनरेटर, विजेचं पॅनेल, पाण्याचा पंप असं सगळं तळमजल्यावर. पाणी गुडघ्याला लागलं आणि एकेक बंद पडत गेलं. ऑक्सिजनचे जम्बो सिलिंडर वर होते, पण ते उघडायचा पाना खालच्या स्टोअरमध्ये राहिला होता. वॉर्डबॉय गढूळ पाण्यात तो चाचपडत होता, आणि मी टॉर्चच्या उजेडात एका आजींचे निळसर पडत चाललेले ओठ पाहत होते. पाना वेळेत सापडला, आजी वाचल्या. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना, म्हणून एका बाळंतिणीला आम्ही चादरीच्या झोळीतून वर नेलं.

पुढे जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी कोविड रुग्णालयात शिरलं, वीज गेली आणि रुग्ण दगावले. तिथली बातमी वाचताना मला तो पाना आठवला.

भिवंडीत नवं रुग्णालय काढणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. जागा घेण्याआधी शेजारच्या जुन्या दुकानदारांना विचारा, २००५ मध्ये पाणी कुठवर आलं होतं. जनरेटर, पॅनेल, औषधं आणि ऑक्सिजनची जोडणी त्या रेघेच्या बरीच वर घ्या. आयसीयू आणि प्रसूतिकक्ष तळमजल्यावर नको. जिना स्ट्रेचर वळेल एवढा रुंद ठेवा. रॅम्प असेल तर उत्तमच.

भूकंपालाही विसरू नका. २००१ मध्ये भुजचं जिल्हा रुग्णालय कोसळलं; नवं बांधताना पायाशी धक्का शोषणारे रबर-शिशाचे आधार बसवले. तेवढा खर्च सगळ्यांना झेपणार नाही, पण कपाटं, सिलिंडर आणि टाक्या भिंतीला घट्ट बांधायला फार पैसे लागत नाहीत.

आणि दर मे महिन्यात एकदा मुख्य वीज मुद्दाम बंद करून रंगीत तालीम घ्या. त्या वेळी जे अडेल ते पाऊस सुरू होण्याआधी दुरुस्त करा.