स्वस्त लस, सुरक्षित बालपण : आफ्रिकेचा धडा

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिका खंडात आडवा पसरलेला भूभाग 'मेनिंजायटिसचा पट्टा' म्हणून ओळखला जातो. कोरड्या हवेच्या महिन्यांत तेथे धुळीचे वारे वाहतात आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा हा रोग डोके वर काढतो. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक लोकांना त्याची लागण झाली व सुमारे २५ हजार दगावले. वाचलेल्यांपैकीही अनेक बालकांना कायमचे बहिरेपण आले.

लस त्या वेळीही होती. मात्र तिचा प्रभाव अल्पकाळ टिके, दोन वर्षांखालील बालकांना तिचा फारसा उपयोग होत नसे आणि ती बहुधा साथ सुरू झाल्यावरच दिली जाई. म्हणून २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व 'पाथ' या संस्थेने नव्या लसीचा प्रकल्प हाती घेतला. गरीब देशांना परवडावी यासाठी एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत ठेवण्याचे ठरले. ती अट स्वीकारून आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'मेनआफ्रिव्हॅक' ही लस तयार केली.

डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहिमेला प्रारंभ झाला. १ ते २९ वर्षे वयाच्या सर्वांना लस देण्यात आली. ही लस जंतूचा घशातील वासही रोखते. त्यामुळे लस न घेतलेल्यांनाही संरक्षण लाभले. चाळीस अंश तापमानात चार दिवसांपर्यंत ती टिकते, असे २०१२ मध्ये मान्य झाल्याने दुर्गम खेड्यांपर्यंत पोहोचणे सुकर झाले. या पट्ट्यात २०१७ नंतर 'अ' गटाच्या जंतूचा एकही रुग्ण निश्चित झालेला नाही.

तथापि, एका मोहिमेने काम संपत नाही. दरवर्षी जन्मणारी बालके असुरक्षितच असतात. म्हणूनच २०१६ पासून घाना व सुदान यांनी ही लस नियमित लसीकरणात समाविष्ट केली. जंतूचे अन्य गट साथी पसरवीत राहिल्याने पाच गटांवरील नवी लस, तीही पुण्यातच बनलेली, २०२४ मध्ये नायजेरियात प्रथम वापरली गेली.

यातून आम्ही एवढेच शिकतो की, परवडणारी किंमत, टिकाऊ साठवण आणि अखंड नियमितता या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच लस बालकापर्यंत पोहोचते. पहिल्या दोन गोष्टींना दात्यांचा हातभार लागतो; तिसरी मात्र पालकांच्या हाती आहे. बाळाचे लसीकरण कार्ड जपून ठेवावे व पुढील मात्रेची तारीख चुकवू नये, ही आमची नम्र विनंती.