माशांची आवड : पाणी, आंबट आणि वास

मासे खाणारा मनुष्य त्यांच्याविषयी जितका हट्टी असतो, तितका दुसऱ्या एखाद्या अन्नाविषयी क्वचितच आढळतो. बंगालमध्ये नदीतल्या आणि तळ्यातल्या माशांना मान आहे. उलट कोकण, गोवा व केरळ येथील किनाऱ्यावर वाढलेल्यांपैकी अनेकांना गोड्या पाण्यातला मासा मातकट लागतो. अशा आवडीनिवडी सवयीने जडतात हे खरे. परंतु त्यांच्या मुळाशी माशाच्या शरीरातले रसायनही असते.

समुद्रातील माशांच्या स्नायूंत ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य साठलेले असते. खाऱ्या पाण्यात शरीराचा तोल राखण्यास त्याची मदत होते. गोड्या पाण्यातील माशांत ते अत्यल्प असते. हे द्रव्य स्वतः गंधहीन आहे. पण मासा मेल्यावर जंतू त्याचे ट्रायमिथिलअमाइन बनवतात, आणि मासळीबाजाराचा म्हणून ओळखला जाणारा वास मुख्यतः त्याचाच. आम्लाशी संयोग होताच त्याचे लवण तयार होते. लवण हवेत उडत नाही, म्हणून वास नाकापर्यंत पोचत नाही.

सागरी माशाच्या कालवणात आंबट हवेच, या आग्रहाचे एक कारण येथे सापडते. कोकणात आमसुले घालतात, केरळात कुडमपुळी. दोन्ही गार्सिनिया या एकाच प्रजातीतील वृक्षांची वाळवलेली फळे आहेत. नवल असे की, समुद्रापासून दूर असलेल्या आसामातही माशाच्या ‘टेंगा’ या आंबट कालवणात पडणारा थेकेरा याच प्रजातीतला आहे. तेथील मासा तर गोड्या पाण्यातला. मग आंबट कशासाठी? तळ्यातील काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचे द्रव्य निर्माण करतात. पहिल्या पावसात मातीला येणारा गंध याचाच. ते माशाच्या मांसात उतरते व मातकटपणा आणते. आम्लाने त्याचे विघटन होते. दोष निराळे, उपाय मात्र एकच!

बंगालने इलिश माशासाठी मोहरी निवडली. इलिश समुद्रात वाढतो व अंडी घालण्यास नदीत चढतो. त्याचे मांस तेलकट असते आणि काटे असंख्य. मोहरीचा तिखटपणा कोरड्या दाण्यात नसतो. दाणा पाण्याबरोबर वाटला की त्यातील एका वितंचकाच्या क्रियेने झणझणीत तेल तयार होते. कोरडी पूड जिभेवर ठेवावी, आणि मग तीच पाण्यात कालवून दहा मिनिटांनी चाखावी, म्हणजे फरक कळतो. फोडणीत तडतडलेल्या मोहरीला हा झणका नसतो, कारण उष्णतेने वितंचक आधीच निकामी झालेले असते.

शिजवण्याच्या वेळेबाबत मात्र सर्व प्रांतांचे एकमत दिसते. माशात संयोजी ऊतक मांसाच्या मानाने फार थोडे असते व ते कमी उष्णतेतच विरघळते. त्यामुळे बकऱ्याच्या मांसाला जितका वेळ लागतो, तितका माशाला दिल्यास त्याचा चुरा होतो.

आंबट आणि मसाला वास दडवतात, हाच त्यांचा धोकाही आहे. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असते. मासा उन्हात किंवा नुसत्या सावलीत काही तास राहिला की जंतू त्यापासून हिस्टामीन बनवतात. असा मासा खाल्ल्यावर तासाभरात, कधी काही मिनिटांतच, चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगावर गांधी उठतात, आणि घरचे लोक मसाल्याला बोल लावतात. हिस्टामीन उकळून नष्ट होत नाही, तळूनही नाही. पुष्कळदा त्याचा वासही येत नाही. म्हणून बांगड्याची पारख चुलीपाशी नव्हे, घेतानाच करावी लागते. कल्ले लालभडक, डोळे फुगीर व स्वच्छ, बोटाने दाबलेले मांस लगेच वर येणारे, आणि टोपलीत माशाच्या खाली-वर भरपूर बर्फ. यांपैकी बर्फ नसेल, तर बाकीच्या खुणा चांगल्या दिसूनही असा मासा न घेणेच बरे.